शेवटच्या वाडीपासून मोजू या



अहिल्यानगर जिल्ह्याचा, म्हणजेच पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्याचा, नकाशा समोर घ्या. क्षेत्रफळाने हा महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा. त्याचा विस्तार १७,००० चौरस किलोमीटरांहून थोडा अधिक आहे. नकाशाच्या आग्नेय कोपऱ्यात जामखेड सापडेल. तेथे लोक पावसाची वाट पाहतात. आता बोट वायव्य कोपऱ्याकडे न्या. तेथे अकोले तालुका आहे. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई (१,६४६ मीटर) येथेच, हरिश्चंद्रगड येथेच आणि १९२६ साली पुरे झालेले भंडारदऱ्याचे धरणही येथेच. घाटघरचा माणूस पावसाळ्यात पाऊस येण्याची नव्हे, थांबण्याची वाट पाहतो.

सहलीला गेलेल्यांनी येथले धबधबे आणि काजवे पाहिलेले असतात. परंतु रतनवाडी, साम्रद, पाचनई, कुमशेत यांसारख्या गावांच्या आसपास डोंगरउतारांवर विखुरलेल्या महादेव कोळी आणि ठाकर समाजाच्या वाड्या फार थोड्यांनी पाहिलेल्या असतात. भाताच्या आवणीच्या दिवसांत घरातली सगळी मोठी माणसे शेतात असतात. ओढा भरून वाहू लागला की वाट बंद. घरात चूल, चुलीत ओले सरपण, सगळीकडे धूर, आणि एकाच खोलीत सारे कुटुंब. अशा घरातल्या सहा महिन्यांच्या बाळाला खोकला झाला आणि त्याचा श्वास भराभर चालू लागला, तर पुढचा एकेक तास मोलाचा असतो.

मी या लेखात एक मत मांडणार आहे. ते तुम्ही तपासून पाहावे, पटले तर घ्यावे. मत असे: अशा बाळाला ज्या रोगापासून सर्वांत जास्त धोका असतो, त्याची लस आज आपल्याकडे आहे, ती पुण्यात तयार होते आणि सरकार ती विनामूल्य टोचते. मग तिच्या यशाचा हिशेब आपण तालुक्याच्या गावापासून नव्हे, तर शेवटच्या वाडीपासून सुरू केला पाहिजे.

इरले पांघरलेला जंतू

या रोगजंतूचे नाव न्यूमोकॉकस. १८८१ साली फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांनी आणि अमेरिकेत जॉर्ज स्टर्नबर्ग यांनी तो स्वतंत्रपणे शोधला. सूक्ष्मदर्शकाखाली तो जोडीजोडीने असलेल्या गोल दाण्यांसारखा दिसतो. तो आपल्यापैकी अनेकांच्या नाकात आणि घशात असतो, विशेषतः लहान मुलांच्या. बहुतेक वेळा तो तेथे निमूट राहतो. परंतु सर्दी, गोवर, धूर किंवा कुपोषण यांनी शरीराचा प्रतिकार दुबळा झाला की तो फुप्फुसात उतरतो. मग न्यूमोनिया होतो. रक्तात शिरला तर रक्तदोष होतो. मेंदूच्या आवरणांपर्यंत पोहोचला तर मेंदूज्वर होतो, आणि त्यातून वाचलेल्या मुलाला कधीकधी कायमचा बहिरेपणा येतो.

हा जंतू इतका चिवट का? अकोल्यातला शेतकरी पावसात इरले पांघरतो, तसे या जंतूने शर्करेच्या रेणूंचे एक बुळबुळीत आवरण पांघरलेले असते. आपल्या रक्तातील भक्षक पेशींना त्याला धड पकडताच येत नाही. आवरणाची रासायनिक घडण निरनिराळी असते, आणि तिच्यावरून या जंतूचे शंभराहून अधिक प्रकार ओळखले गेले आहेत. त्यांतले काही थोडेच प्रकार पुष्कळशा गंभीर आजारांना कारण होतात.

या आवरणानेच विज्ञानाला एक मोठा शोध मिळवून दिला. १९२८ साली लंडनमध्ये फ्रेडरिक ग्रिफिथ यांनी आवरण नसलेले जिवंत, निरुपद्रवी जंतू आणि आवरण असलेले पण मारून टाकलेले जंतू एकत्र करून उंदरांना टोचले. उंदीर मेले, आणि त्यांच्या रक्तात आवरण असलेले जिवंत जंतू सापडले! मेलेल्या जंतूंकडून जिवंत जंतूंनी आवरण बनवण्याची विद्या उचलली होती. ही विद्या वाहून नेणारा पदार्थ डीएनए आहे, हे एव्हरी, मॅक्लाउड आणि मॅकार्टी यांनी १९४४ साली न्यूयॉर्कमध्ये दाखवून दिले. तुमच्या पाठ्यपुस्तकातील आनुवंशिकतेच्या धड्याची मुळे अशी न्यूमोनियाच्या जंतूत आहेत.

आवरणाची ओळख बाळाला कशी पटवायची?

मग या आवरणाचीच लस का करू नये? तशी ती केली गेली. १९७७ साली १४ प्रकारांच्या आणि १९८३ साली २३ प्रकारांच्या आवरणांपासून केलेल्या लशी अमेरिकेत आल्या. मोठ्या माणसांना त्यांचा उपयोग झाला. परंतु दोन वर्षांखालील बाळांच्या शरीराला नुसत्या शर्करेची ओळख नीट पटत नाही, त्यामुळे प्रतिपिंडे पुरेशी तयार होत नाहीत. आणि रोगाचा खरा तडाखा तर या बाळांनाच बसतो!

शास्त्रज्ञांनी यावर युक्ती काढली. आवरणाची शर्करा एका प्रथिनाला रासायनिक बंधाने जोडली. प्रथिन बाळाच्या शरीरालाही ‘परके’ म्हणून चटकन ओळखता येते, आणि त्याच्याबरोबर जोडलेली शर्कराही ओळखली जाते. अशा लशीला संयुग्मित लस म्हणतात. ७ प्रकारांवरची अशी पहिली लस २००० साली अमेरिकेत वापरात आली.

आता तारखांकडे लक्ष द्या. अमेरिकेत २०००. भारताच्या सार्वत्रिक लसीकरणात २०१७, तेही हिमाचल प्रदेश आणि बिहार व उत्तर प्रदेशातील काही जिल्ह्यांत. देशभर सर्वत्र, २०२१. मधल्या काळात ज्यांच्या खिशात पैसे होते त्यांनी ती खाजगी दवाखान्यात एका मात्रेला काही हजार रुपये मोजून घेतली. ज्यांच्या मुलांना ती सर्वांत जास्त हवी होती, त्यांच्या कानावर तिचे नावही आले नाही. पुढे पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटने १० प्रकारांवरची बरीच स्वस्त लस तयार केली आणि डिसेंबर २०२० मध्ये ती भारतात आली. आता बाळाला ६ आठवडे, १४ आठवडे आणि ९ महिने या वयांत तिच्या तीन मात्रा मांडीत टोचल्या जातात. कागदावर प्रश्न सुटला. परंतु पुण्याहून साम्रदपर्यंतचा शेवटचा टप्पा कागदावर पार होत नाही.

डोंगरातल्या माणसांनाच हा रोग अधिक का?

जगभर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसून आली आहे. दूरवर राहणाऱ्या मूळनिवासी समाजांत न्यूमोकॉकसचा उपद्रव इतरांपेक्षा कितीतरी अधिक असतो. अमेरिकेतील नावाहो आणि अपाची मुलांत तो देशातील इतर मुलांच्या कित्येक पट होता. कॅनडाच्या उत्तरेकडील नुनाविक भागात २००० च्या सुमारास, आणि ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागात २०१० ते २०१२ या काळात, या जंतूच्या ‘१’ क्रमांकाच्या प्रकाराने साथच उठवली.

याचे कारण त्यांच्या रक्तात शोधण्याची घाई करू नका. गर्दीची घरे, घरातला धूर, अपुरे अन्न आणि लांबचा दवाखाना, एवढ्या चार गोष्टींनीच बरेचसे कोडे उलगडते. या चार गोष्टी आपल्या ठाकरवाडीतही आहेत.

आता हे पाहा. ऑस्ट्रेलियाने ही लस २००१ साली आपल्या मूळनिवासी बालकांना प्रथम दिली, आणि सर्व बालकांना २००५ साली. म्हणजे रांगेत जे नेहमी शेवटी उभे असतात, त्यांना पुढे घेतले. नावाहो आणि अपाची वस्त्यांतील चाचणीचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. लशीत असलेल्या प्रकारांपासून होणारा गंभीर आजार तिने सुमारे तीन-चतुर्थांशाने कमी केला. मात्र २०१० च्या साथीपासून एक सावधगिरीही शिकायची आहे. ती साथ घडवणारा ‘१’ क्रमांकाचा प्रकार मूळच्या ७ प्रकारांच्या लशीत नव्हता. तो पुण्याच्या लशीत आहे. तरीही, लस दिली आणि डोळे मिटले, असे चालत नाही. कोणते प्रकार फिरत आहेत, याकडे सतत लक्ष ठेवावे लागते.

सरासरीचा फसवा आकडा

आता एक गणित करू. समजा, एका तालुक्यात वर्षाला १,००० बाळे जन्मतात आणि त्यांपैकी ९०० जणांना तिन्ही मात्रा मिळाल्या. लसीकरण ९० टक्के! अहवाल छान दिसतो. परंतु तुम्ही विज्ञानाचे विद्यार्थी आहात, म्हणून पुढचा प्रश्न विचारा: राहिलेली १०० बाळे कोठे आहेत?

ती तालुकाभर विखुरलेली असतील, तर प्रत्येकाच्या भोवती लस घेतलेली नऊ मुले असतील. ही लस नाकातल्या जंतूंनाही आळा घालते. त्यामुळे लस घेतलेले मूल जंतू कमी पसरवते, आणि न घेतलेल्यालाही थोडे संरक्षण लाभते. परंतु तीच १०० बाळे पाच-सहा वाड्यांत एकवटलेली असतील, तर त्या वाड्यांत लसीकरण जवळजवळ शून्य आहे. तेथे आडोसा कोणाचाच नाही. दोन्ही ठिकाणी टक्केवारी एकच, पण एके ठिकाणी रोग मंदावेल आणि दुसऱ्या ठिकाणी तो मोकाट सुटेल.

आणि राहून गेलेली बाळे प्रत्यक्षात विखुरलेली नसतात. ती रस्ता संपतो तेथेच असतात. म्हणून माझे म्हणणे असे की तालुक्याच्या अहवालात सरासरीच्या आधी एक रकाना असावा: सर्वांत मागे पडलेल्या वाडीत किती बाळे आहेत आणि त्यांपैकी किती जणांच्या तीन मात्रा झाल्या. हा एक आकडा वाढला तर बाकीचे आपोआप वाढतील. उलट कधी होत नाही.

काही आक्षेप

पहिला आक्षेप नेहमीचा. “ते लोक अडाणी आहेत, लस घेतच नाहीत.” हे बोलणे सोपे आहे, म्हणूनच ते संशयास्पद आहे. लसीकरणाचा दिवस आवणीच्या दिवसांत किंवा बाजाराच्या दिवशी आला, तर आई येणार कशी? लस टोचल्यावर बाळाला ताप येईल, तो एक-दोन दिवसांत उतरेल, असे कोणी तिच्या बोलीत सांगितले नाही, तर पुढच्या खेपेला ती दार लावून घेणारच. आयांना हा आजार कळत नाही, असेही नाही. मेळघाटात पोट उडणाऱ्या बाळाच्या पोटावर चटके देण्याची प्रथा आढळते. प्रथा वाईट आहे, ती थांबलीच पाहिजे. पण ‘पोट उडते आहे, धोका आहे’ ही त्या आजीची पारख अगदी बरोबर असते! चूक आहे ती उपायात. आणि योग्य उपाय तिच्या दारापर्यंत नेणे हे आपले काम आहे.

दुसरा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा आहे. “आधी रस्ता, अन्न, धूर नसलेली चूल द्या, रोग आपोआप कमी होईल.” यात तथ्य आहे. ही लस सगळा न्यूमोनिया थांबवत नाही. विषाणूंमुळे आणि इतर जंतूंमुळेही तो होतो. धूर आणि कुपोषण हटल्याशिवाय काम पुरे होणार नाही. परंतु रस्ता व्हायला दहा वर्षे लागतील, आणि आज जन्मलेले बाळ सहा आठवड्यांत पहिल्या मात्रेला पात्र होते. बाळाने रस्त्याची वाट का पाहावी?

तिसरा आक्षेप खर्चाचा. लस २ ते ८ अंश सेल्सियस तापमानात ठेवावी लागते, आणि ती गोठली तर निकामी होते. शीतपेटी खांद्याला लावून डोंगर चढायचा आणि वाडीत बाळे चारच! एका मात्रेमागे खर्च अधिक येतो, हे खरे. शासनाने हे तत्त्वतः मान्यही केले आहे. सपाट प्रदेशात ३०,००० लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र असते, तर डोंगरी व आदिवासी भागात २०,००० ला एक. उपकेंद्र तेथे ५,००० ऐवजी ३,००० ला एक. पण हा हिशेबही डोक्यांचा आहे, चालण्याच्या वेळेचा नाही. सपाटीवरचे तीन किलोमीटर आणि भरल्या ओढ्यापलीकडचे तीन किलोमीटर, ही एकच लांबी नव्हे. उपकेंद्र किती डोक्यांमागे, याबरोबरच ते किती पावलांवर, हेही नियमात लिहिले पाहिजे.

चौथी अडचण स्थलांतराची. पोटासाठी कुटुंबे घाट उतरून जुन्नर-नारायणगावकडे शेतमजुरीला जातात. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला पाथर्डी-शेवगावची कुटुंबे ऊसतोडीला बाहेर पडतात. बाळाची पहिली मात्रा गावात होते, दुसरीच्या वेळी ते उसाच्या फडात असते. वस्तुतः सरकारी लस कोणत्याही गावच्या केंद्रात विनामूल्य मिळते; तेथले रहिवासी असण्याची अट नाही. लसीकरणाचे कार्ड तेवढे जवळ असावे. ही साधी माहिती पुष्कळांना नसते.

वाट आपल्याच घरची

हे सगळे अशक्य कोटीतले आहे काय? मुळीच नाही. नकाशावरचे बोट पुन्हा जामखेडकडे न्या. तेथे १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी काम सुरू केले. गावोगावच्या स्त्रिया, पुष्कळशा निरक्षर, त्यांनी निवडल्या आणि शिकवल्या. गरोदर बाईची काळजी, मुलांचे वजन, लसीकरण, अतिसारावर मीठ-साखरेचे पाणी, ही कामे त्या करू लागल्या. १९७९ साली या दांपत्याला मॅगसेसे पारितोषिक मिळाले आणि जगभरची माणसे जामखेडला शिकायला येऊ लागली.

दुसरे उदाहरण गडचिरोलीचे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने तेथील ५८ गावांत न्यूमोनियावर प्रयोग केला. गावातल्याच माणसांना, दाईंनासुद्धा, बाळाचे श्वास मोजायला आणि साधे जंतुनाशक औषध द्यायला शिकवले. ज्यांना मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मणी असलेले साधन बनवले. १९९० साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे: प्रयोग नसलेल्या गावांत न्यूमोनिया झालेल्या शंभर मुलांपैकी १३ ते १४ दगावत होती; औषध मिळालेल्या मुलांत हे प्रमाण शंभरात एकाहूनही कमी होते.

हे पाहिल्यावर ‘दुर्गम’ हा शब्द जपून वापरावासा वाटतो. वाडी दुर्गम आहे ती शहरातून येणाऱ्याला. वाडीतच राहणाऱ्या शिकलेल्या बाईला ती चार पावलांवर आहे. आज तेथे आशा कार्यकर्ती आहे. तिला वेळेवर मानधन, हातात औषध, आणि तिने ‘या वाडीत तीन बाळे राहिली’ असे कळवताच त्याच आठवड्यात शीतपेटी घेऊन येणारी आरोग्यसेविका, एवढे मिळाले पाहिजे.

तुम्ही आणि तुमचे शिक्षक

तुम्ही म्हणाल, आम्ही शाळकरी मुले यात काय करणार? तीन गोष्टी करता येतील.

एक, श्वास मोजायला शिका. घरातले लहान मूल शांत किंवा झोपलेले असताना त्याचे पोट किती वेळा वरखाली होते, ते पुरे एक मिनिट मोजा. दोन महिन्यांखालील बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक असतील आणि खोकला असेल, तर न्यूमोनियाची शंका घ्यावी. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, बाळ पीत नसेल किंवा सुस्त पडले असेल, तर एक क्षणही न दवडता त्याला दवाखान्यात न्यावे. यासाठी लागते ते फक्त सेकंदकाट्याचे घड्याळ.

दोन, आपल्या वाडीतल्या दीड वर्षाखालील बाळांची यादी वर्गाने मिळून करा. तिन्ही मात्रांच्या तारखा कार्डावर आहेत का, ते आईला विचारून पाहा आणि राहिलेल्यांची माहिती आशाताईंना द्या. कोणाला दोष देऊ नका. फक्त राहून गेलेले दाखवा. शिक्षकांनी हा गणिताचा आणि विज्ञानाचा एकत्र प्रकल्प करावा. सरासरी कशी फसवते, हे फळ्यापेक्षा या यादीवरून लवकर कळेल. राजूरच्या किंवा अकोल्याच्या आश्रमशाळेतील विद्यार्थी सुटीत घरी जातात, तेव्हा ही तपासणी त्यांच्यापेक्षा चांगली कोण करील?

तीन, कोणी “आमच्या तालुक्यात ९० टक्के काम झाले” असे सांगितले, तर आदराने पण न घाबरता विचारा: राहिलेले दहा टक्के कोठे राहतात?

जंतूला तालुक्याची सरासरी ठाऊक नसते. धुराने भरलेल्या खोलीतले, लस न मिळालेले एखादे बाळ त्याला पुरते. ते बाळ शेवटच्या वाडीत आहे. तेव्हा मोजणीही तेथूनच सुरू करू या.